एक्सच्या वर्गावर बहिष्कार

माझ्या फजितीच्या गोष्टी विचारायच्या नाहीत, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. कारण त्या फार नाहीत. पण तुम्ही चहा संपवूनही उठायचं नाव घेत नाही, तेव्हा एक सांगते. गणितातली आहे. म्हणजे मी चुकले होते की नाही यावर वाद घालायची सोय नाही. असती तर मी घातला असता, हे तुम्ही जाणताच.

नगरला नवं कॉलेज निघालं तेव्हाची गोष्ट. इंग्रज नुकतेच गेले होते. आमचं गाव तिसगाव. शाळा मी पाहिली ती सातवीपर्यंत, पुढचं सगळं घरी बसून, थोरल्या भावाच्या पुस्तकांतून. भाऊ नगरला शिकायला होता. सुट्टीत पुस्तकं घरी आणायचं काम त्याचं, आणि ती उघडायचं माझं. त्यानं मॅट्रिक अर्ध्यात सोडली, मी बाहेरून बसून पास झाले. कोणी शिकवलं विचाराल, तर कोणी नाही. भूमितीतली प्रमेयं मी भाकरी थापताना म्हणायचे आणि आई शेजारणीला सांगायची, पोरगी हल्ली देवाचं काहीतरी म्हणते.

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांचा धंदा बैलांचा. काष्टीच्या बाजारातून घ्यायचे, इकडे आणून विकायचे. जनावराचं तोंड उघडून दात पाहिले की त्याची सगळी पत्रिका त्यांना कळायची. माझ्या बाबतीत मात्र त्यांना काही कळेना, कारण मी तोंड उघडलं की ते मिटेपर्यंत त्यांचा धीर सुटायचा.

कॉलेजात जाते म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. त्यातच शेवगावचं स्थळ सांगून आलेलं. आडतदार, चिरेबंदी घर, दारात घोड्याची गाडी. पहिली बायको घरात होती. तिला मूल नव्हतं म्हणून दुसरी हवी होती. दोन बायका करायला बंदी करणारा कायदा मुंबईला झाला होता म्हणे, पण तो करंजीचा घाट उतरून आमच्याकडे आला नव्हता.

"तात्या, मला शिकायचंय," मी म्हटलं.

"शीक की. आत्याकडं ऱ्हा नगरला, आन् दिवाळीपतूर शीक. सहामाहीत समद्या इषयांत पास झालीस तर फुडं शीक. येका जरी इषयात पडलीस तर शेवगाव."

"आणि ते तोवर थांबतील?"

"त्येला काय घाई? येक हाय की घरात."

तर असा तो व्यवहार होता. मी एका पायावर कबूल झाले. नापास व्हायचा अनुभव मला नव्हता.

गणिताच्या वर्गात मुलगी मी एकटी. मुलांच्या रांगेत बसवायची पद्धत नव्हती, म्हणून माझं बाक सरांच्या टेबलाला काटकोनात, भिंतीला चिकटून लावलेलं. तिथून फळा तिरका दिसायचा. पुढे मी जे केलं त्याचं कारण ते नव्हे, पण सांगून ठेवते.

गणिताला आठल्ये सर होते. पुण्याचे, तरुण, काटकुळे. कोटाच्या खिशात कायम खडू. शिकवायचे इंग्रजीत, आणि समोरचे चेहरे कोरे पडले की मराठीत यायचे. त्यांचं लग्न व्हायचं होतं. त्यामुळे संसारातली उदाहरणं ते अगदी निर्धास्तपणे देत.

त्या दिवशी त्यांनी फंक्शन काढलं. एक्स दिला की वाय ठरतो. एका एक्सला एकच वाय. इंग्रजीत सांगून झालं, मराठीत सांगून झालं, चेहरे कोरे ते कोरेच. मागच्या बाकावर काष्टीचा शिंदे होता. पैलवानी अंगाचा, आवाज मळ्यातून हाक मारल्यासारखा. तो उठला.

"सर, दोन एक्सला मिळून येक वाय चालतो का?"

"चालतो."

"आन् येका एक्सला दोन वाय?"

"नाही चालत."

"का वो?"

सरांनी जरा छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं समज. एक्स म्हणजे बायका. वाय म्हणजे नवरे. कुठल्याही बाईला विचारलं, तुझा नवरा कोण, तर ती एकच नाव सांगेल. झालं फंक्शन. आता दोन बायकांनी एकाच नवऱ्याचं नाव सांगितलं, तरी बिघडत नाही. प्रत्येकीनं एकच नाव सांगितलं ना? पण एका बाईनं दोन नावं सांगितली, तर ते फंक्शन नव्हे."

वर्गाला गणित कळलं ते त्या दिवशी. प्रत्येकाच्या गावात निदान एक तरी उदाहरण चालतं-बोलतं होतं. मुलं माना डोलवायला लागली. मी उभी राहिले.

"सर, हा नियम कोणी केला?"

"नियम नाही बाई, व्याख्या आहे."

"व्याख्या कोणी केली?"

"युरोपातल्या गणितज्ञांनी."

"पुरुष होते?"

"होते," ते म्हणाले.

"मग बरोबर आहे," म्हणून मी खाली बसले. सरांना वाटलं, मला पटलं.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, वाय म्हणजे एक्सचा वर्ग. दोनचा वर्ग चार, वजा दोनचाही वर्ग चार.

"म्हंजी चारच्या घरात दोघी," मागून शिंदे. "येक अधिक, येक वजा."

वर्ग हसला. मी हसले नाही. मी त्या वजा दोनकडे पाहत होते. शेवगावला मी गेले असते तर मी अधिक ठरले असते, आणि जी बाई आधीपासून त्या घरात राबत होती ती वजा. तिनं काय केलं होतं? तिचं नावसुद्धा स्थळ सांगणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आत्याकडे बसून मी पुस्तक पुढे वाचत गेले आणि माझा संताप चढत गेला. एक्सच्या वर्गात शून्य तेवढा एकपत्नी. वाय म्हणजे पाच असं एक फंक्शन होतं, त्यात जगातल्या सगळ्या एक्स एकट्या पाचाच्या नावावर. तो तर संस्थानिकच निघाला. साइनचा आलेख पाहिला आणि पुस्तक मिटलं. त्याच्या शून्याच्या घरात किती बायका, याला अंतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना माझा निर्णय सांगितला. एका वायला एकच एक्स, अशीच फंक्शनं मी मान्य करीन. तिरकी सरळ रेषा मान्य. एक्सचा घन मान्य. वर्ग, साइन, कोसाइन अमान्य.

"तुम्ही म्हणता त्यांना वेगळं नाव आहे," सर म्हणाले. "एकास एक फंक्शन म्हणतात."

"मग तेवढीच शिकवा."

"अभ्यासक्रमात बाकीचीही आहेत, बाई."

"तुमच्या अभ्यासक्रमाला बहिणी नाहीत का?"

सरांनी खडू खिशात ठेवला, पुन्हा काढला.

आता हे एवढ्यावर राहिलं असतं, तर मी तुम्हाला सांगायलाही बसले नसते. पण मुलांना माझं म्हणणं पटलं. दोन कारणं होती. एक म्हणजे, माझ्या हिशेबानं निम्मा अभ्यासक्रम अमान्य होत होता. आणि दुसरं, बेचाळीस साल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कशावर तरी बहिष्कार टाकल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही अशी त्यांची समजूत, आणि इंग्रज निघून गेल्यामुळे त्यांची मोठी पंचाईत झालेली. अशा वेळी त्यांना एक्सचा वर्ग सापडला.

शिंदे मुलांचा निरोप घेऊन व्हरांड्यात आला. मुलींशी बोलायचं म्हणजे त्या काळी खांबाकडे पाहून बोलायचं. तो खांबाला म्हणाला, "आक्का, तुमी म्हंता ते खरं हाय. आमी तुमच्या मागं हावोत. फकस्त करायचं काय ते सांगा."

"ते फळ्यावर असेल तोवर तासाला बसायचं नाही."

"किती दिस?"

"ते जाईपर्यंत."

"कोन, सर?"

"एक्सचा वर्ग."

"आसं व्हय," म्हणून तो गेला. त्याचा थोडा विरस झालेला दिसला.

पुढच्या तासाला सर आले, फळ्यावर एक्सचा वर्ग लिहिला आणि म्हणाले, "आज आपण हे उलटं करून पाहणार आहोत." मी उठले. माझ्यामागे सगळे उठले. आवारात चिंचेचं झाड होतं, त्याखाली मुलं बसली, आणि मी एकटी वेगळी, विहिरीच्या काठावर. चळवळ झाली तरी बसायची पद्धत मोडली नव्हती. आत सरांनी रिकाम्या बाकांना सगळा तास शिकवला. खिडकीतून त्यांचा आवाज येत होता. मी मुद्दाम लक्ष दिलं नाही. हे ध्यानात ठेवा, मी मुद्दाम लक्ष दिलं नाही.

मग सहामाही आली. गणिताचा पेपर हातात पडला, आणि पहिलाच प्रश्न, खालीलपैकी फंक्शनं कोणती ते सकारण लिहा. मला वाटलं, सरांनी मला संधी दिली. वर्ग, अमान्य. साइन, अमान्य. वाय म्हणजे पाच, यापुढे लिहिलं, 'अमान्य. संस्थानं खालसा होत आहेत.' शेवटचं एक उलटसुलट होतं, वायचा वर्ग म्हणजे एक्स. त्यात एका एक्सला दोन वाय येतात. मी पाहिलं, विचार केला आणि लिहिलं, 'मान्य. आजवर झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून.'

पेपर देऊन बाहेर आले तेव्हा मला इतकं मोकळं वाटत होतं की मी आत्याला जिलबी करायला लावली.

निकालाच्या दिवशी तात्या मला न्यायला आले. काष्टीचा बाजार करून सर्व्हिस मोटारीनं थेट कॉलेजात. डोक्याला पटका, हातात काठी. आठल्ये सर व्हरांड्यात उभे होते.

"रामराम मास्तर. मी येसूचा बाप. पोरीचं काय झालं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "बाकी सगळ्या विषयांत उत्तम आहे," ते म्हणाले. "गणितात नापास."

"बाकीची पोरं?"

"सगळी पास आहेत."

हे मला नवीन होतं. खांबामागे शिंदे होता, त्याच्याकडे मी वळले. "तुम्ही काय लिहिलंत?"

"सरांचंच लिवलं, आक्का," तो खांबाला म्हणाला. "पन मनानं आमी तुमच्यासंगंच हुतो."

तात्या म्हणाले, "चला मग, येसू. सामान बांध. शेवगाववाल्याला निरोप धाडतो."

आता इथे माणसानं गप्प राहायला हवं होतं. निदान विनवणी करायला हवी होती. मला ते कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "तात्या, मी गणितात कच्ची म्हणून नापास नाही. यांच्या गणितात दोन बायकांचा एक नवरा चालतो. ते मी मानलं नाही, म्हणून नापास."

तात्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चेहरा उजळला.

"चालतो? गणितात?"

"चालतो असं हेच शिकवतात."

"मग मी येगळं काय सांगत हुतो? मास्तर शिकल्यालं मानूस हायेत. त्यांच्या गणितात बसतंय, आन् तू नाक मुरडतीस? काय वो मास्तर, चालतंय ना?"

शेवगावच्या स्थळाला जो आधार नव्हता, तो मी स्वतःच्या तोंडानं तात्यांच्या हातात दिला होता. तोही कॉलेजातला.

सर म्हणाले, "शेवगावचं काय?"

तात्यांनी सांगितलं. आडतदार, घोड्याची गाडी, पहिली बायको, सगळं. सरांनी ऐकून घेतलं. हळूहळू त्यांचे कान लाल झाले. आपलं उदाहरण कुठे जाऊन बसलं होतं ते त्यांना तेव्हा कळलं असणार.

"तात्या," ते म्हणाले, "मी अर्धंच सांगितलं होतं. बायकांना विचारत गेलं तर फंक्शन होतं. आता उलट करा. नवऱ्याला विचारा, तुझी बायको कोण? एकच उत्तर आलं पाहिजे. हे शेवगावचे गृहस्थ काय सांगतील?"

"दोन नावं सांगत्याल."

"मग ते फंक्शन नाही. गणित त्यांना दारात उभं करत नाही."

तात्या विचारात पडले. व्हरांड्याच्या पायरीवर बसले. "म्हंजी येक सवाल, आन् जबाब दोन."

"बरोबर."

"बाजारात आसा येक यापारी भेटतो मला दर खेपंला. बैल त्योच. तुमाला सांगतो चार दाती, मला सांगतो सहा दाती. आमी त्याच्या दावनीला उभं ऱ्हात न्हाई." मग ते म्हणाले, "बैल चांगला आसला तरी न्हाई. जो आज दोन सांगतो, त्यो उद्या तीनबी सांगंल."

"गणितातही तसंच आहे," सर म्हणाले.

"मग हे पोरीला का शिकवलं न्हाई तुमी?"

सर फार सभ्य माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शिकवलं," ते म्हणाले. "एक सबंध तास शिकवलं. त्या तासाला या चिंचेखाली होत्या."

मी विहिरीवर होते, चिंचेखाली मुलं होती. पण ती दुरुस्ती करायची ही वेळ नाही एवढं मला कळलं. ज्या गणितावर मी बहिष्कार टाकला, ते पहिल्यापासून माझ्या बाजूचं होतं. फक्त पुढच्या तासाला बसायचं होतं.

तात्यांनी शेवगाव तिथल्या तिथे मोडलं. "त्येला माझा निरोप, न्हाई म्हनून," ते शिंदेला म्हणाले. शिंदेचा आणि शेवगावचा काही संबंध नव्हता, पण तो "व्हय" म्हणाला. मला वाटलं, सुटले. पण तात्या बैलांच्या बाजारात मुरलेले. सौदा झाला तरी दात मोजल्याशिवाय कासरा हातात घेत नसत.

"शेवगाव ऱ्हायलं," ते मला म्हणाले. "पन पडलीस तर पडलीसच. घरी चल."

"फेरपरीक्षा घेता येते," सर घाईनं म्हणाले. "आजच घेतो. एकच प्रश्न."

मला रिकाम्या वर्गात बसवलं. तात्या बाहेर पायरीवर. प्रश्न असा, 'फंक्शनची व्याख्या लिहा आणि स्वतःचं एक उदाहरण द्या. पुस्तकातलं किंवा वर्गात सांगितलेलं नको.'

व्याख्या मी अक्षर न चुकता लिहिली. मग उदाहरण. आता मला सगळं स्वच्छ दिसत होतं. युरोपातल्या त्या पुरुषांना जे सुचलं नव्हतं ते मी लिहिणार होते. त्यांनी बायकांना एक्स केलं, हीच सगळ्या अनर्थाची सुरुवात. मी पुरुषांना एक्स केलं. मोठ्या, ठळक अक्षरात लिहिलं, 'एक्स म्हणजे सर्व लग्न झालेले पुरुष. वाय म्हणजे बायका. प्रत्येक एक्सला एक आणि एकच वाय. यात शेवगाव येत नाही.' खाली दोन रेघा मारल्या. इतकं नेमकं उत्तर त्या कॉलेजात कोणी लिहिलं नसेल अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा एखाद्या माणसाला खोकला आला असून खोकायचं नसावं तसा झाला. मग लाल शाईचा टाक घेऊन त्यांनी खाली बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

इंग्रजीत होतं. अर्थ सांगते. 'व्याख्या बरोबर. उदाहरण बरोबर. पास. तथापि दोन एक्सना मिळून एक वाय चालतो, हे आपण शिकलो आहोत. सबब या फंक्शनमध्ये एका बाईला कितीही नवरे करता येतील. विद्यार्थिनीची त्याला हरकत दिसत नाही.'

मी कागद घेऊन बाहेर आले. तात्यांनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा धरला, सुलटा केला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण लाल शाई कळत होती.

"पास?"

"पास."

"आन् हे येवढं खाली काय लिवलंय?"

"तेच. पास झाले असं."

"पास लिवायला येवढी जागा लागती?"

मी म्हटलं, "इंग्रजीत लागते."